पेजेवरचा दगड

कागद टाइप करून घ्यायला जाताना कोण भितं? सुमंगलाही भ्याली नव्हती. आमोण्याहून बाराची बस गाठायची म्हणून ती धावतच निघाली, इतकी घाईत की चुलीकडची पेजेची मडकी झाकायची राहिली. बस सुटल्यावर आठवलं. आता मांजराचं नशीब, असं म्हणून तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली.

पिशवीत वकिलाने पेन्सिलीने लिहून दिलेला मजकूर होता. मागच्या पावसात घराच्या पुढच्या पडवीचं छप्पर खाली आलं होतं, या पावसात मातीची भिंत जाणार होती. दुरुस्तीची परवानगी घरमालकाच्या सहीशिवाय नाही. आणि घरमालक शिवदास, तिचा नवरा, सात वर्षांपूर्वी नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जवर चढला तो उतरलाच नाही. ना तो सापडला, ना त्याचं मढं. "तो मेला असं लिहून दे, घर तुझ्या नावावर होईल," वकील म्हणाला. सात वर्षं कुंकू न पुसलेल्या बाईला हे सांगायला त्याला दोन मिनिटं पुरली.

देवाला विचारलं नव्हतं असं नाही. तीनदा तिने कौल लावला. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर आहे, डावी पडली तर गेला. तिन्ही वेळा एकही पाकळी हलली नाही. गुरव म्हणाला, देव गप्प आहे, पुढच्या सोमवारी ये.

दुपारी एक वाजला की डिचोलीचा बाजार झोपतो. दुकानांच्या फळ्या लागतात, कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. टाइप करून देणाऱ्या गौरवीचं दुकान तेवढं उघडं होतं. खाली पोदेराची भट्टी, वर ही एवढीशी खोली, खोलीभर पावाचा वास. गावात कॉम्प्युटर तीनच होते, त्यातला हा एक.

गौरवीने मजकूर वाचला आणि टाइप करायला लागली. 'माझे पती शिवदास हे' इथपर्यंत आली. पुढचा शब्द होता 'मृत'. तिने कळ दाबली आणि पडदा थिजला.

"हँग झालो," गौरवी म्हणाली.

"म्हणजे?"

"गप्प बसलो. ऐकता, पण उत्तर दिना."

"आमच्या देवाचो भाऊच हो गे!"

गौरवी हसली आणि आणखी चार कळा दाबल्या.

"दाबू नकास, बिघडतलो."

"बिघडना, मावशे. आता दाबलेलां सगळां तो पोटात धरता. जागो झालो की ओकता."

पण तो जागा झाला नाही. तिने बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा लिहिलं. पुन्हा 'मृत'पाशीच थिजला. तिसऱ्यांदाही तिथेच. आता गौरवी हसत नव्हती. तिने तीन कळा एकदम दाबल्या, तशी पडद्यावर एक चौकट आली. चौकटीत दोन बटणं.

"ह्यां काय विचारता?"

"डाव्या बटणान संपयचां. उजव्या बटणान असां ठेवचां."

गौरवीने चौकट बाजूला ओढली. बार्जमागे पाण्यात रेघ राहते, तशी चौकटीमागे चौकट उमटत गेली. खाली शिवदासचं नाव झाकलं गेलं.

सुमंगलाने तिचा हात धरला. "थांब. खंयचांच दाबू नकास. कौल लागलो हा."

"मावशे, ही मशीन गो..."

"देव दगडाचो आसता. गप बस."

दोघी हात मांडीवर ठेवून बसल्या. पंखा कुरकुरत होता. खाली पोदेराने भट्टी पेटवली, लाकडं तडतडली. पण वर पावाचा वास येईना. आला तो नदीचा वास. चिखल, डिझेल, ओलं खनिज... बार्जवरून घरी आलेल्या माणसाच्या सदऱ्याला येतो तसा.

चौकट आपोआप नाहीशी झाली. 'शिवदास हे'च्या पुढे अक्षरं पडायला लागली. एकेक. शोधून शोधून दाबावी तशी.

पेज उघडी आसा.

"मावशे... तुमी दाबलात?"

"माझी चौथी झाली हा. सही करताना घाम फुटता माका."

कळांवर सगळी इंग्रजी अक्षरं. त्यातून मराठी काढायला शिकायला गौरवीला सहा महिने लागले होते.

"कोणाची पेज?" तिने हळूच विचारलं.

उघड्या मडकीचं सुमंगलाने कोणालाच सांगितलं नव्हतं. मग तिला संताप आला.

"सात वर्सां," ती पडद्याला म्हणाली. "वाट बघून डोळे गेले, डोक्यावरचां छप्पर गेलां. आणि आज तोंड उघडलंस तर पेज?" मग गौरवीकडे वळली. "पुसून टाक तां. लिही. मेलो."

या वेळी मशीन थिजली नाही. 'मृत' सुरळीत उमटलं, कागद बाहेर आला. सुमंगलाने ठळक अक्षरांत सही केली.

तिन्हीसांजेला ती घरी पोचली. कुलूप जसंच्या तसं, किल्ली तिच्या कमरेला. आत चुलीकडे पेजेच्या मडकीवर पितळी उपडी घातलेली, आणि पितळीवर दगड. मांजर झाकण पाडतं म्हणून शिवदास असा दगड ठेवायचा. ती कधीच ठेवत नसे. दगड ओला होता. पेज अर्धी उरली होती.

कागद पंचायतीत गेला, परवानगी मिळाली, छप्पर चढलं, भिंत वाचली. कुंकवाचं काय केलं, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

पेज मात्र ती आता रोज मुद्दाम उघडी टाकून कामाला जाते. संध्याकाळी ती झाकलेली असते. आदल्या दिवशीचा दगड ती मागल्या दारी फेकते, तरी दुसऱ्या दिवशी नवा असतो, ओला. पहिला तिच्या मुठीत मावला होता. परवाचा खाली उतरवायला तिला दोन्ही हात लागले.