राखेवर उलटा हात

शेकोटीत आता लाकूड घालू नका रे. आहे तेवढी जळू दे. आणि ते मोबाईल तंबूत टाका आधी. उजेडाकडे बघून बघून डोळे दिपतात, मग अंधारात नाही ते दिसतं आणि रात्री दोन वाजता मला उठवता. मामा म्हणजे काय फुकटचा पहारेकरी?

दुपारी हिने विचारलं ना, मामा, शेकोटी विझवायला एवढे सोपस्कार कशाला? पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत पाणी, आणि वर उलटा हात लावून बघायचं, आई ताप बघते तसा. तर ती पद्धत माझी नाही. मला एका माणसाने शिकवली. त्याचंच सांगतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर गप झोपा. मधे मधे फाटे फोडायचे नाहीत.

मी तेव्हा थंड मुलखातल्या एका तळ्यावर होड्या दुरुस्त करायचो. सरकारी पार्क होतं, लहानसंच. तळं, तळ्याला धक्का, भाड्याच्या होड्या, आणि काठाकाठाने तंबू ठोकायच्या जागा. प्रत्येक जागेवर जमिनीत रोवलेलं एक लोखंडी कडं. शेकोटी त्या कड्यातच पेटवायची, बाहेर नाही. शेवटची जागा पार टोकाला, पाण्यात शिरलेल्या उंचवट्यावर. तिथून तळं सगळ्यात छान दिसायचं म्हणून लोक त्या जागेसाठी भांडायचे.

या पार्कचा राखणदार माझा दोस्त. त्याला सगळे बंब म्हणायचे. साधी काडी ओढली तरी हा बादली घेऊन हजर, म्हणून बंब. दाराशीच चौकी होती, तिच्या मागच्या दोन खोल्यांत तो आणि वहिनी राहायचे. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी फेरीला दोघं मिळून निघायची. बादली त्याच्या हातात, टॉर्च वहिनींच्या. तो पाणी ओतायचा, ढवळायचा, आणि वहिनी वाकून राखेला उलटा हात लावायच्या.

तो विचारायचा, "गार?"

त्या म्हणायच्या, "गार."

मग पुढच्या कड्याकडे. "गार" ऐकल्याशिवाय बंब पाऊल उचलायचा नाही. आम्ही चेष्टा करायचो, लग्नातसुद्धा भटजींना गार का म्हणून विचारलं असशील. वहिनी हसायच्या. हसताना तोंडावर हात धरायची सवय होती त्यांना, आणि मग त्यांचं ते अर्धं बोट दिसायचं. उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं. होडीच्या साखळीत सापडून तुटलं होतं.

आता राखेला हात वहिनीच का लावायच्या? यातली गोम फक्त मला माहीत होती. फार वर्षांपूर्वी ऐन थंडीत तळ्यात एक होडी उलटली. बंब कपड्यांसकट पाण्यात गेला आणि मदत येईपर्यंत त्या होडीचा दोर धरून राहिला. दोन माणसं वाचली. याचे हात मात्र गेले. म्हणजे हात होते, चालायचे, गाठी मारायचे, पण मनगटाच्या पुढे कळायचं काही नाही. गरम नाही, गार नाही, टाचणी टोचली तरी नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कसलं येतंय!

ऑफिसात त्याने हे कधी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर गावात बदली, कुठल्यातरी खिडकीत बसून तिकिटं फाडायची. आणि चौकी सोडायची.

मी सांगतोय त्या वर्षी जूनमध्ये वहिनी गेल्या. छातीत कफ झाला, गावातल्या दवाखान्यात नेलं, चौथ्या दिवशी संपलं. मी बरोबर होतो. बंब रडला नाही. कागदांवर सह्या केल्या, सगळं उरकलं, दुसऱ्या दिवशी परत आला आणि संध्याकाळी बादली उचलून फेरीला गेला. लोक विचारायचे, बरा आहेस ना? तो म्हणायचा, बरा आहे. खरंच बरा दिसायचा रे. जेवायचा, झोपायचा, पावत्या फाडायचा. मला वाईट कशाचं वाटायचं सांगू? तो एकदा कुणावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

एकदा संध्याकाळी होडी ओढताना मी त्याला लांबून पाहिलं. पाणी ओतलं, ढवळलं, उलटा हात राखेवर ठेवला. म्हणाला, "गार?" थोडा थांबला. मग स्वतःच म्हणाला, "गार." आणि पुढे गेला.

मी होडी ओढत राहिलो. 

हाताचं तर काही कळायचं नाही, म्हणून त्याने तोड काढली होती. एका कड्याला दोन भरलेल्या बादल्या. दोन ओतल्यावर विस्तव राहतोय कुठला? हंगामभर ते निभावलं.

आता ती रात्र. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. हंगामाचा शेवटचा दिवस, सोमवारपासून पार्क बंद. थंडीत पाणी गोठून नळ फुटतात म्हणून दुपारीच पाइप रिकामे करून पाणी तोडलेलं. सगळे तंबू उठले होते. राहिला एकच, टोकावरचा. एक बाप आणि त्याची पाच-सहा वर्षांची मुलगी. बापाने तिला कबूल केलं होतं म्हणे, शेवटची रात्र तळ्यावर काढू. सकाळी जाणारच होते.

संध्याकाळी बंब तिथे गेला. पाणी तळ्यातून आणायचं, खालून वर, निसरड्या दगडांवरून. त्याने एक बादली आणली, ओतली, ढवळली. धूर गेला. दुसरीसाठी वळला तर तो बाप म्हणाला, "अहो काका, विझलीय की. कशाला जीव काढताय? जा, झोपा."

बंबाने राखेला उलटा हात लावला.

एवढंच म्हणायचं होतं रे त्याला, की बाबा, जरा हात लावून बघतोस का? माझ्या हाताला कळत नाही. बापाने बघितलं असतं, हो-नाही सांगितलं असतं, विषय संपला असता. पण इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट अशी परक्यासमोर तोंडातून निघत नाही. तो मनातल्या मनात म्हणाला, गार? आणि मनातच म्हणाला, गार. बादली घेऊन चौकीवर आला. दाराबाहेरच्या खिळ्याला ती अडकवली. झोपला.

जाग आली तेव्हा घड्याळात पाऊण वाजला होता. वारा सुटला होता. दार वाजलं म्हणून जाग आली असेल असं त्याला वाटलं. पडून राहिला.

मग बादलीची कडी वाजली.

तुम्ही ऐकलाय ना तो आवाज? पत्र्याची बादली उचलली की कडी कानात फिरते, कुर्र करते. तो. बाहेर. खिळ्यापाशी.

वाऱ्याने असेल.

पण वाऱ्याने हलली असती तर पुन्हा पुन्हा वाजली असती. ही एकदाच वाजली. उचलल्यासारखी.

त्याने दार उघडलं. खिळा मोकळा होता.

टॉर्च घेतली. मला म्हणाला, भीती नाही वाटली, काहीच नाही वाटलं, कुणीतरी बादली नेली तर आणायला हवी एवढंच डोक्यात. असा झाला होता बघा माणूस. धक्क्याकडे गेला. खाली पाण्याचा आवाज आला, बादली बुडवून वर काढल्याचा. टॉर्च मारली. कुणी नाही. फळ्या मात्र ओल्या. एका ओळीत ओल्या.

मग पहिल्या कड्याकडून आवाज आला. पाणी ओतल्याचा.

तो तिथे पोचला. कुणी नाही.

दुसऱ्या कड्याकडून आवाज आला.

पोरांनो, फेरी चालली होती. रोजच्या क्रमाने, रोजच्या चालीने. पाणी पडायचं... मग काठी फिरायची... मग थोडा वेळ काहीच नाही. कुणी वाकून हात लावावा एवढा वेळ. मग पुढे. तो एका कड्याशी पोचायचा तोवर आवाज पुढच्या कड्याशी. हाक मारावी असं त्याला वाटलं.   पण मारायची तरी कुणाला?

टोकाला चढ आहे. तो चढ तो चढला.

इथे पाणी ओतल्याचा आवाज आलाच नाही.

वारा थांबला होता.

तंबू होता. बंद. आत बाप घोरत होता. बाजूला कडं, त्यात करडी राख. धूर नाही, ठिणगी नाही. बादली कड्याला टेकून ठेवलेली. रिकामी.

टॉर्च मंद झाली... आणि विझली.

कड्याच्या पलीकडे कुणीतरी उकिडवं बसलं होतं.

...

काय म्हणालीस? दिसलं का? नाही दिसलं. अंधारात अंधार जरा जास्त होता, एवढंच.

आणि मग पलीकडून विचारलं,

"गार?"

रोज तो विचारायचा. त्या रात्री त्याला विचारलं गेलं.

  त्याला माहीतच नव्हतं. तो गुडघ्यावर बसला. हात पुढे केला. उलटा केला. राखेत घातला.

काही नाही. नेहमीसारखं. काहीच नाही.

आणि त्याच्या हाताखाली कुणीतरी हात सरकवला.

राख आणि त्याचा हात, यांच्या मधे. बोटं. ओली. पाणी वाहून वाहून ओली झालेली. ती त्याला कळली. इतक्या वर्षांत त्या हाताला काही कळलं नव्हतं... ही बोटं कळली. एकेक मोजता आली. मला म्हणाला, "अरे, मी हात काढलाच नाही. कितीतरी वेळ. काढावासाच वाटेना."

मग वास आला.

जळलेल्या केसांचा. कातडीचा.

त्याच्याच हाताचा होता.

तेव्हा तो ओरडला. तोंडावर हात न ठेवता, छाती फाडून, जूनपासून जो ओरडला नव्हता तो. "नाही गं! गार नाही! गार नाहीये!"

बाप धडपडत बाहेर आला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. पण बंबाने काठीने राख उकरली आणि खाली सगळं लाल. कड्याखालून झाडाचं एक वाळकं मूळ गेलं होतं, विस्तव त्या मुळात शिरून आतल्या आत सरकत होता. कुठे? सरळ तंबूखाली. तंबू वाळक्या पाल्यावर मांडलेला, पोरीला मऊ लागावं म्हणून बापानेच हौसेने गोळा केलेला. वरचा पाला नुसता करपला होता. एक झुळूक पुरली असती.

मुलीला झोपेतच उचलून बाहेर आणलं. बापाच्या पातेल्याने, कॅनने, मिळेल त्याने पाणी आणून ओतलं. बादली शोधली. सापडली नाही. पहाटेपर्यंत दोघं ओतत होते, आणि बंब ओततानाही रडत होता. बापाला कळेना, आता वाचलो तर हा रडतो का. पोरगी मात्र गाडीत गाढ झोपलेली. तिला आजतागायत यातलं काही माहीत नसेल. बरंच आहे.

सकाळी मी होड्या काढायला गेलो तर बंब एका पालथ्या होडीवर बसलेला, हाताला फडकं. त्याने हे सगळं सांगितलं. मी काय तुमच्यासारखाच, विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. उठलो आणि सगळी फेरी मारली. टोकाचं सोडून बाकी सगळी कडी कोरडी ठणठणीत. धक्का कोरडा. बादली खिळ्याला. तीही कोरडी. मी मनात म्हटलं, दुःखाने माणसाला काहीही दिसतं, ऐकू येतं. बिचारा.

मग त्याला दवाखान्यात नेलं. नर्सने फडकं सोडलं.

हाताची पाठ भाजून काळी-लाल झालेली, मनगटापर्यंत. आणि त्या भाजलेल्याच्या मधोमध चांगल्या, गोऱ्या कातडीचे पट्टे. भाजलेच नव्हते. नर्स म्हणाली, "काका, हातावर काही धरलं होतं का तुम्ही?" मी जवळ वाकलो. तीन पट्टे लांब. बारीक, बाईमाणसाच्या बोटांसारखे. आणि करंगळीशेजारचा एक... अर्धा.

बंबाने ऑफिसात हाताचं सगळं सांगून टाकलं. बदली झाली. चौकी सुटली. गावात तिकिटाच्या खिडकीत बसायचा. मी कधीतरी जाऊन चहा पाजायचो. भाजलेलं भरून आलं, पण पट्टे राहिले.

एकदा मी त्याला म्हटलं, डोळे मीट. आणि काडीचं टोक हळूच त्याच्या हातावर टेकवत गेलो. मनगटाशी, बोटांवर, अंगठ्यापाशी. "कळलं?" तो म्हणायचा, "नाही." "आता?" "नाही." पूर्वीसारखाच, सगळा हात बधिर.

मग मी त्या अर्ध्या पट्ट्यावर काडी टेकवली. दाबली नाही. नुसती टेकवली.

त्याने डोळे उघडले नाहीत. म्हणाला, "हळू. ओलं आहे तिथे."

मी बोट लावून पाहिलं.

ओलं होतं.