फाट्यावरचा खांब

खोटं वाटलं तर वाटू दे. मला कोणाला पटवायचं नाहीये. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

थंडी सुरू होण्याआधीचा शेवटचा रविवार. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. भुताखेतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही वेळ लक्षात ठेवावी.

जागा म्हणजे डोंगरातल्या जंगलातला खडीचा रस्ता. पूर्वी तिथून लाकडाचे ट्रक जायचे. आता पायथ्याला लोखंडी फाटक लावून गाड्या बंद केल्यात. चाळीस किलोमीटरमध्ये एक हॉर्न ऐकू येत नाही. फक्त सायकलवाले.

आणि घडलं ते माझ्या सख्ख्या मामासोबत.

मामाचं पायथ्याच्या गल्लीत सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. दर रविवारी दहा-बाराजणांचं टोळकं घेऊन तो त्या रस्त्याला जायचा. माझे बाबा, म्हणजे मामाचे दाजी, त्या टोळक्यात. शाळेत गणित शिकवायचे. नियम म्हटला की नियम! आई चिडवायची, "तुझ्या बाबांना रिकाम्या रस्त्यावर लाल दिवा दिसला तरी म्हातारे होईपर्यंत थांबतील."

टोळक्याचाही एक नियम होता.

जंगलात फोन लागत नाही. म्हणून जिथे रस्ता फुटेल, तिथे एकाने थांबायचं आणि मागून येणाऱ्यांना वाट दाखवायची. त्याला म्हणायचे 'खांब'. सगळ्यात मागे असेल तो 'शेपूट'. शेपूट आला की खांबाने ओरडून विचारायचं, "मागे कोणी?" शेपटाने सांगायचं, "कोणी नाही, सुटा!" मगच खांबाने हलायचं. तोपर्यंत आभाळ कोसळलं तरी जागा सोडायची नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी, उतरताना, वरच्या फाट्यावर बाबा खांब होते.

शेपूट होता मामा.

बाबा परत आलेच नाहीत.

मामाने सगळ्यांना सांगितलं, "मी फाट्यावर पोचलो, दाजींना 'सुटा' म्हटलं आणि पुढे आलो. ते मागून येतच होते." धुकं उतरलं होतं. मग सगळे फाट्याच्या खालची बाजू शोधत बसले. सायकल फाट्यावरच सापडली, दगडाला टेकवलेली, पुढचं चाक बरोबर रस्त्याकडे वळवलेलं. बाबा सापडले तिसऱ्या दिवशी. फाट्याच्या वर, दीड किलोमीटरवर, उतारावरून घसरलेले. पाय मोडला होता. हातात हवा भरायचा पंप होता.

डॉक्टर म्हणाले, आदल्या सकाळपर्यंत जीव होता.

सुटलेला माणूस सायकल टाकून उलटा वर कशाला गेला? पंप कशाला नेला? कोणालाच कळलं नाही. आईने मात्र ते मनाला लावून घेतलं. ती रडली नाही, चिडली. "घरी दोन माणसं वाट बघतायत, आणि हे सुटल्यावर कुठे उंडारायला गेले?" असं ती दोन वर्षं म्हणत होती. बाबांचा फोटोही तिने कपाटात टाकला.

मग एक दिवस ती मामाला म्हणाली, "ती सायकल माझ्या नजरेसमोर नको. विकून टाक."

मामाने सायकल दुकानात नेली. सगळं सोडवलं, तेल-ग्रीस केलं, पुन्हा जोडलं. पण पायडलपाशी कुठेतरी बारीक कुरकुर होत होती. गल्लीतल्या रिक्षा-मोटारींच्या गोंगाटात ती पकडता येईना. असा आवाज शोधायला शांत रस्ता लागतो, आणि खाली खडी लागते.

असा रस्ता एकच होता.

दोन वर्षं मामा तिकडे फिरकला नव्हता. पण कुरकुर सोडून सायकल विकणं त्याच्या हाताला जमत नाही. "जाऊन येतो पटकन," म्हणत तो त्या रविवारी निघाला.

फाटक ओलांडून वर गेला. ऊन होतं. चाकाखाली खडी करकरत होती. वर टोकाला वळसा घेऊन तो उतरायला लागला, तशी ती कुरकुर थांबली.

मग पाखरं थांबली...

मग त्याच्या लक्षात आलं की चाकाखालच्या खडीचाही आवाज येत नाहीये. चाकं फिरतायत, झाडं मागे जातायत, आणि कानात दडे बसल्यासारखं सगळं मुकं.

आणि समोरून... घंटी वाजली.

ट्रिंग.

ती पितळी घंटी मामाने स्वतः बाबांना बसवून दिली होती. त्याने हँडलकडे पाहिलं. घंटीची जागा रिकामी होती. ती दोन वर्षांपूर्वी त्या दिवशीच हरवली होती, नंतर कधी सापडली नाही.

ट्रिंग... ट्रिंग.

वळणापलीकडे फाटा. मामाने ब्रेक दाबले. सायकल थांबेना. ती आपली चालत राहिली आणि बरोबर त्या दगडापाशी येऊन उभी राहिली.

तिथे कोणी नव्हतं. दगड होता, दोन रस्ते होते, आणि दगडाजवळच्या ओल्या मातीत बुटांचे दोन ठसे होते. एकाच जागी खूप वेळ कोणी उभं राहिल्यासारखे, खोल.

"मागे कोणी?"

बाबांचा आवाज. वर्गात हजेरी घेतात तसा, स्वच्छ.

हा प्रश्न मामाने त्या दिवशी ऐकलाच नव्हता.

कारण दोन वर्षांपूर्वी तो फाट्यावर आलाच नव्हता! फाट्याच्या वरून एक पायवाट सरळ खाली चहाच्या टपरीवर उतरते. त्याचा गुडघा दुखत होता. कोण एवढा वळसा घालणार, दहा मिनिटं वाट बघून दाजी येतील आपले आपण, असं म्हणत तो सायकल खांद्यावर घेऊन पायवाटेने उतरला. टपरीवर कोणीतरी विचारलं, "खांब सुटला ना?" हा म्हणाला, "सुटला, येतायत. तुम्ही व्हा पुढे." मग धुकं आलं. मग अंधार पडला. शोधणारे आले तेव्हा खरं बोलायला तोंड उरलं नव्हतं.

बाबांनी त्याची वाट बघितली. नियमाप्रमाणे बघितली. शेपूट येत नाही म्हणजे मेव्हण्याला पंक्चर झालं असणार, असं समजून पंप घेऊन ते त्याला शोधायला वर गेले. आणि जग सगळं त्यांना खाली शोधत राहिलं.

"मागे कोणी?" पुन्हा आवाज आला.

"को... कोणी नाही," मामा कसाबसा म्हणाला. "सुटा, दाजी."

 मामाला वाटलं, संपलं.

मग अगदी कानाशी, काळजीने विचारल्यासारखं...

"पंक्चर निघालं का रे?"

इथे तरी खरं बोलायचं ना! मेलेल्या माणसापुढे कसली लाज? पण नाही. मामा मान खाली घालून म्हणाला, "हो. निघालं."

"बरं झालं. चल, मी आहे मागे."

आणि खाली फाटकापर्यंत त्याच्या मागे खडी करकरत राहिली. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. गल्लीत आल्यावर डांबरावरही ती करकर थांबली नाही. दुकानाच्या दारापर्यंत आली.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात नवीनच सुरू झालं. गिऱ्हाइकाची पंक्चर सायकल संध्याकाळी तशीच ठेवून मामा कुलूप लावायचा. सकाळी चाक टणक. हवा भरलेली. ट्यूबला भोक तसंच, तरी हवा भरलेली. आणि रोज दुपारी तीन-वीसला मागच्या खोलीतून आवाज... फुस्स... फुस्स... फुस्स. कोणीतरी सावकाश, न कंटाळता पंप मारतंय.

महिनाभराने मामाने मला बोलावून सगळं सांगितलं. वाळून काडी झाला होता. शेवटी हात धरून म्हणाला, "ताईला सांगू नकोस गं. तिच्या मनाला उगाच त्रास."

तिच्या मनाला!

मला इतका संताप आला की मी हात झटकून उठले. तेवढ्यात तीन-वीस झाले. मी माझ्या कानांनी ऐकलं. फुस्स... फुस्स...

मी घरी गेले आणि आईला सगळं सांगून टाकलं.

 तिने कपाटातून फोटो काढला, पदराने पुसला, भिंतीवर लावला. "बाई गं," एवढंच म्हणाली, "दोन वर्षं मी त्यांना काय काय बोलले."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याबरोबर दुकानात आली. मामा उठून उभा राहिला, "ताई, बस ना..." तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. सरळ मागच्या खोलीत गेली. आवाज सुरू झाला तशी ती रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाली,

"अहो, पुरे आता. त्याला पंक्चर झालंच नव्हतं. तुम्ही उगाच गेलात वर. चला, घरी चला."

पंप थांबला.

आई बाबांची सायकल हातात धरून बाहेर पडली. मामाने पाय धरले, तर पाय सोडवून घेतला. त्या दिवसापासून ती भावाशी बोललेली नाही.

आमची गल्ली सिमेंटची आहे. खडीचा एक दाणा नाही. तरी दुपारी कधीतरी दाराशी करकर येऊन थांबते आणि आई उठून दार उघडते. मी आतच बसते. खरं सांगते, ते माझे बाबा असले तरी बाहेर जायला मला धीर होत नाही.

दुकान मात्र तेव्हापासून गप्प आहे.

मामा आता रोज संध्याकाळी मुद्दाम एका चाकातली हवा सोडतो, ते कोपऱ्यात ठेवतो आणि हात जोडून कुलूप लावतो. शेजारच्या न्हाव्याने मला सांगितलं, सकाळी तो आधी त्या चाकाला हात लावून बघतो.

ते चाक तसंच बसलेलं असतं.