देवासमोरची नवी रांग

ढीग नेहमी इंदुमावशींच्याच पुढे का साठतो?

हे कोडं सुमेधाला गुरुवारी दुपारी पडलं आणि तिने ते चुकीचं सोडवलं. मोठ्याने सोडवलं, सगळ्यांच्या देखत.

निंबगावच्या दत्तमंदिराच्या सभामंडपात त्या दिवसांत श्रवणकुड्या जोडण्याची सेवा चालू होती. श्रवणकुडी म्हणजे कानात घालायची, शेंगदाण्याएवढी एक छोटीशी गोष्ट. बाहेरचा आवाज ती पकडते, स्वच्छ करते आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या कानाच्या नसेपर्यंत पोचवते. तालुक्याच्या शाळेतल्या मुलांसाठी या कुड्या हव्या होत्या. शुक्रवारी सकाळी त्या मुलांच्या कानात घालायच्या, म्हणून गुरुवारी दिवेलागणीला गाडी येणार होती.

चार बायका कामाला बसल्या होत्या. प्रमिलाकाकू कुडीच्या कवचात ध्वनिग्राहक (आवाज पकडणारा भाग) बसवायच्या. मग कुडी इंदुमावशींकडे जायची. तिथून रोहिणीताईंकडे, त्या आवाज तपासायच्या. शेवटी वत्सलाबाई ती डबीत ठेवायच्या. एकीकडून दुसरीकडे कुड्यांची ताटं नेण्याचं काम ढकल्या नावाच्या चाकांच्या यंत्रमानवाचं. ढकल्याकडे लक्ष ठेवायचं काम सुमेधाचं. ती सातवीत होती, आणि हे काम मिळाल्यापासून जरा जास्तच ताठ चालत होती.

"सुमेधा," ढकल्या म्हणाला, "या वेगाने दिवेलागणीपर्यंत दहा-बारा मुलांच्या कुड्या राहून जातील."

सुमेधाने मंडपभर पाहिलं. रोहिणीताई हातावर हात ठेवून बसलेल्या. वत्सलाबाई जांभई देत होत्या. इंदुमावशींपुढे मात्र चार ताटं भरून पडलेली, आणि मावशींचे हात सावकाश चाललेले.

"आज उपास ना मावशींचा," प्रमिलाकाकू हसत म्हणाल्या. "हात कसे चालतील?"

काकूंनी गमतीने म्हटलं होतं. सुमेधाने ते उचललं.

"मावशी, तुमच्या एकट्यामुळे सगळं अडलंय!" ती म्हणाली. "उद्या दहा मुलांना ऐकू येणार नाही, ते तुमच्या आळसामुळे."

इंदुमावशींनी हातातली कुडी पुरी केली, चष्मा पुसला, देवाला नमस्कार केला आणि उठल्या. "तू बस हो बाळ माझ्या जागेवर," एवढंच म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

सुमेधा बसली. ढकल्याने तिला कृती दाखवली. आधी तारा जोडायच्या, मग विजेरी (छोटी बॅटरी) बसवायची, मग झाकण लावून डिंकाने बंद करायचं. तिने पहिली कुडी हातात घेतली, दुसरी घेतली. थोड्या वेळाने तिने मान वर केली तेव्हा समोर सहा ताटं होती.

तिचे कान तापले. मावशींपुढे चार होती, तिच्यापुढे सहा. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

"अगं, या ढिगामागे कोण लपलंय?"

दारात दुर्गाआत्या उभी होती. दुर्गाआत्या म्हणजे सुमेधाच्या बाबांची बहीण. चंद्रावरच्या कार्यशाळेत कामाची आखणी करणारी शास्त्रज्ञ. दोन वर्षं तिकडे राहून ती नुकतीच परत आली होती आणि अजून पाय जपून टाकत होती. तिने देवाला नमस्कार केला आणि सुमेधाजवळ येऊन बसली. झालेलं सगळं सुमेधाने खाली मान घालून सांगितलं. 'आळस' हा शब्द मात्र तिने अगदी शेवटी सांगितला.

आत्या रागावली नाही. ती म्हणाली, "घरी पोळ्या करताना एकजण लाटते, एकजण भाजते. लाटलेल्या पोळ्या तव्याशेजारी साठत गेल्या, तर भाजणारी आळशी का?"

"नाही. तवा एकच असतो. भाजायला वेळ लागतो."

"मग इथे वेळ कुठे लागतो, ते मोजलंस का?"

सुमेधाने मोजलं नव्हतं. आता मोजलं. ध्वनिग्राहक बसवायला एक मिनिट. तपासायला एक. डबीत ठेवायला एक. आणि मावशींच्या जागेवर तारांना एक, विजेरीला एक, झाकणाला एक.

"तीन मिनिटं," ती पुटपुटली. "तीन कामं एकट्या मावशींकडे होती."

"साखळीतली जी जागा सगळ्यांत जास्त वेळ घेते तिला म्हणतात अडणजागा (जिथे काम अडून साठतं ती जागा). बाकीच्यांनी कितीही घाई केली तरी कुडी बाहेर पडणार तीन मिनिटांनीच. हा झाला साखळीचा चक्रकाळ (एक वस्तू पुरी झाल्यापासून पुढची पुरी होईपर्यंतचा वेळ). प्रमिलावहिनी जितक्या भरभर करतील तितका ढीग वाढेल, कुड्या नाही वाढायच्या."

प्रमिलाकाकूंनी हातातलं कवच हळूच खाली ठेवलं.

"पण मावशी बोलल्या का नाहीत?" सुमेधाने विचारलं.

वत्सलाबाई म्हणाल्या, "सेवेत कुरकुर करायची नाही, असं आहे ना आपल्यात. माझ्याकडे जास्त आलं, असं देवाच्या दारात कसं म्हणायचं? पहिल्या दिवशी कामं वाटताना 'हे कोण घेईल?' म्हटलं की त्या हो म्हणत गेल्या." त्यांनी रोहिणीताईंकडे पाहिलं. "आम्हालाही दिसत होतं गं. आम्ही आपल्या रिकाम्या बसलो."

आता मान खाली घालणारी सुमेधा एकटी राहिली नाही.

"मलाही एक विचारायचं आहे," ढकल्या मध्येच म्हणाला. "मी आज देवळाला पुष्कळ प्रदक्षिणा घातल्या. त्याचं पुण्य यंत्रांना मिळतं का?"

"प्रदक्षिणा कशाला घातल्यास?" आत्याने विचारलं.

"देवासमोरून आडवं जायचं नाही, असं काकूंनी शिकवलंय. म्हणून प्रत्येक ताट मागच्या बाजूने फिरवून नेतो."

आत्याने मंडपाकडे नीट पाहिलं. बायका मानाप्रमाणे बसल्या होत्या. वयाने मोठ्या म्हणून इंदुमावशी आणि वत्सलाबाई गाभाऱ्याशी, धाकट्या प्रमिलाकाकू आणि रोहिणीताई दाराशी. म्हणजे कुडी दाराकडून गाभाऱ्याकडे, पुन्हा दाराकडे, पुन्हा गाभाऱ्याकडे. आणि दर खेपेला देवळाभोवती वळसा.

"चंद्रावर असं फिरलो असतो तर प्राणवायू संपला असता," आत्या म्हणाली. "कोण कुठे बसणार, माल कुठून कुठे जाणार, हे ठरवण्याला मांडणी म्हणतात. ती कामाच्या क्रमाने असावी लागते. सुमे, तू सोडव बघू. मान राहिला पाहिजे, देवासमोरून आडवं जायला नको, आणि एकीच्या गळ्यात तीन कामं नकोत."

सुमेधाने ढकल्याच्या पडद्यावर बोटाने रेघा ओढल्या. "झाकण प्रमिलाकाकूंना देऊ या. त्या सुरुवातीला आहेत, मोकळ्या असतात."

"आत विजेरी नसताना झाकण बंद?"

"अरे हो!" ती ओशाळली.

"ओशाळू नकोस. याला पूर्वक्रम म्हणतात (कुठलं काम कुठल्या कामाआधी झालंच पाहिजे तो नियम). तो सांभाळून वाटायचं."

सुमेधाने पुन्हा मांडलं. एकूण काम सहा मिनिटांचं. ध्वनिग्राहक आणि तारा एकीकडे, विजेरी आणि झाकण दुसरीकडे, तपासणी आणि डबी तिसरीकडे.

"आत्या! प्रत्येकीला दोन-दोन मिनिटं! चौघींचं काम तिघींत होतंय, आणि कुडी दर दोन मिनिटांनी बाहेर पडेल!"

"यालाच साखळीचा समतोल म्हणतात (सगळ्या जागांवर सारखा वेळ लागेल असं काम वाटणं). माणसं तीच, हात तेच. आता मांडणी?"

तिने घोड्याच्या नालेचा आकार काढला. नालेची उघडी बाजू देवाकडे. पहिली आणि शेवटची जागा गाभाऱ्याजवळ, मधली वळणावर, दाराकडे. कुडी हातातून हातात जाणार, कुणालाही देवासमोरून आडवं जावं लागणार नाही. चौथी जण ताटं भरून ठेवेल आणि ढकल्या बाहेरच्या बाजूने सुटे भाग आणून देईल.

"छान," आत्या म्हणाली. "पण शेवटच्या जागेवर कोण?"

सुमेधा उठली. तिला कुणी जा म्हणालं नव्हतं.

इंदुमावशींचं घर देवळाच्या मागच्या गल्लीत होतं. ओटीवर त्या नातवासमोर बसल्या होत्या. सोपान सहा वर्षांचा. मावशी हातांनी खुणा करत होत्या आणि त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"काय सांगताय त्याला?" सुमेधाने दारातूनच विचारलं.

"उद्या तुझी कुडी नाही, असं. काही मुलांच्या राहणार ना? मग माझ्या सोपानची आधी राहू दे. चूक माझी होती."

सुमेधाला वाटलं, जमीन दुभंगावी. तिने येताना वाक्यं जुळवली होती, चक्रकाळ, समतोल, सगळं. त्यातलं एकही आठवेना.

"मावशी, चूक तुमची नव्हती. मी मोजलंच नव्हतं. न मोजता बोलले." ती त्यांच्या पायाशी वाकली आणि तिथेच रडू लागली. "तुमच्याकडे तीन कामं होती."

"ऊठ गं," मावशी म्हणाल्या. "आधी डोळे पूस. अशा डोळ्यांनी तारा कशा दिसतील?" मग त्या म्हणाल्या, "मला आवाज तपासायच्या जागेवर बसवशील? जमलं तर हो."

त्या दुपारी रांग नालेसारखी वळली. ढीग कुठेच साठला नाही. गाडी आली तेव्हा शेवटची डबी वत्सलाबाईंनी स्वतः नेऊन दिली. सगळ्या कुड्या झाल्या होत्या. मावशींनी उपासाचं पाणीसुद्धा त्यानंतरच घेतलं.

शुक्रवारी शाळेत डॉक्टरांनी सोपानच्या कानात कुडी घातली. कुठेतरी बाक सरकला, आणि सोपान दचकून आजीला बिलगला. मग त्याने स्वतःच बाकावर थाप मारली. पुन्हा मारली. आणि हसला. मावशींचे ओठ हलत होते. त्या नामस्मरण करत होत्या.

मग त्याने सुमेधाकडे बोट दाखवून खुणेने काहीतरी विचारलं.

"ही सुमेधाताई," मावशी मोठ्याने, हळूहळू म्हणाल्या. "हिने तुझी कुडी वेळेवर करून दिली."

एवढंच. कालचा तो शब्द मावशींनी सांगितला नाही, आणि त्यामुळेच सुमेधाला तो जास्त टोचला. ती सोपानसमोर गुडघ्यांवर बसली.

"सोपान, मी तुझ्या आजीला आळशी म्हटलं होतं. त्या नव्हत्या. मी चुकले."

सोपान खदखदून हसला. त्याला आवाज ऐकू आला होता, शब्द कळले नव्हते. शब्द असे एका दिवसात कळत नाहीत, डॉक्टर म्हणाले. मेंदू एकेक आवाज ओळखायला शिकतो. सहा-आठ महिन्यांत सोपान पुष्कळ बोलू लागेल.

परतताना दुर्गाआत्याने विचारलं, "आता कशाची आखणी करणार, सुमे? शाळेच्या डब्यांची रांग बघ, फार रेंगाळते."

"करीन ना. आधी मोजीन," सुमेधा म्हणाली. थोडं चालल्यावर ती हळूच म्हणाली, "आणि सहा-आठ महिन्यांनी सोपानला हेच पुन्हा सांगणार आहे. त्याला कळेल तेव्हा."