उघड्या इंजिनाची ऊब

चष्मेवाल्याची व्हॅन ऑइल प्यायला लागली, तेव्हा बायकोने आपलं मत सांगून टाकलं. "अहो, ती गाडी म्हातारी झालीय. तिच्यावर खर्च करत बसलात तर पोरीची पुढची फी काय चष्म्याच्या काड्या विकून भरणार?"

चष्मेवाल्याने मनात हिशेब मांडला. बोलण्याआधी मोजून बघणारा माणूस तो. त्याचं दुकान लहानसं होतं. खरी कमाई व्हॅनवर. रोज सकाळी मागे भिंगांची पेटी आणि अक्षरांचा तक्ता टाकायचा, मुलीला शेजारी बसवायचं, नदीवरच्या जुन्या पुलावरून पलीकडे जायचं, तिला कॉलेजच्या फाटकाशी सोडायचं आणि पुढच्या गावांतल्या दवाखान्यांमधून लोकांचे डोळे तपासत फिरायचं. संध्याकाळी तोच रस्ता उलट. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. व्हॅनच्या मीटरवरचा आकडा आता कुणाला सांगायची सोय नव्हती, आणि चढाला लागली की ती असा निळा धूर सोडायची की मागचे स्कूटरवाले नाकाला रुमाल लावून शिव्या घालत पुढे जायचे.

गॅरेज साडूचं होतं. साडूने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, वर तळहात धरला आणि तोंड वाकडं केलं.

"रिंगा आणि बेअरिंग बदलून हाफ काम करू शकतो. स्वस्तात पडेल, पण फार दिवस खात्री देणार नाही. पूर्ण इंजिन बांधायचं, सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन टाकायचे, तर मग ती तुमच्या जावयालाही पुरेल. नाहीतर सरळ भंगारवाल्याला हाक मारा."

"उघडल्याशिवाय कसं ठरवणार?"

"शोभता चष्मेवाले. उघडतो."

तोवर दौरे बंद राहिले. मुलगी बसने कॉलेजला जाऊ लागली. बस लांबून, हमरस्त्यावरच्या नव्या पुलावरून जायची, त्यामुळे तिला लवकर उठावं लागे आणि ती सगळ्यांवर करवादत असे.

इंजिन खाली उतरलं, पिस्टन बाहेर निघाले. इंजिनाचा रिकामा ब्लॉक मागच्या भिंतीपाशी लाकडी बाकावर ठेवला होता. साडूने आत गेज घालून मापं घेतली. "नशीबवान आहात. झीज अजून हद्दीत आहे. हाफ कामात भागेल."

चष्मेवाल्याला बरं वाटलं. त्याने ब्लॉकवर हात टेकला. लोखंड कोमट होतं.

"उन्हाने," साडू म्हणाला. "मांजरही दिवसभर त्यावरच पसरलेलं असतं."

बाकापर्यंत ऊन कुठून येत असेल हे चष्मेवाल्याने मान वळवून शोधलं. खिडकी दुसऱ्या बाजूला होती. पण गॅरेजमध्ये वेल्डिंग चालतं, कॉम्प्रेसर चालतो, म्हणून त्याने विषय तिथेच सोडला.

रिंगा आल्या त्या दिवशी साडूचा फोन आला. "जरा येऊन जाता?" आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

"बसवायच्या आधी पुन्हा मापं घेतली," साडूने गेज पुढे केला. "झीज वाढलीय. आता हाफ कामात भागणार नाही."

"मागच्या वेळी चुकला असाल."

"तुम्ही घ्या."

चष्मेवाल्याने माप घेतलं. गेज पुसून पुन्हा घेतलं. साडूचं बरोबर होतं.

"पिस्टन कुठेत?"

"फळीवर. धूळ चढलीय त्यांच्यावर."

"मग हे घासलं कुणी?"

साडूने बॅटरी लावून सिलिंडरच्या आत प्रकाश टाकला. ब्लॉकवर बाहेरून गॅरेजची बारीक काळी धूळ बसली होती. आत एक कण नव्हता. भिंती ओल्या तेलाने चकाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने दुकान उघडलंच नाही. तो सकाळी लवकर गॅरेजमध्ये जाऊन बाकाशेजारी स्टुलावर बसला आणि ब्लॉकवर तळवा ठेवून राहिला. लोखंड थंडगार होतं. मग रोज घरातून निघायच्या सुमाराला ते हळूहळू कोमट होऊ लागलं. पुलाआधीचा चढ यायच्या वेळेला हात ठेववेना. पहिल्या दवाखान्यात तक्ता टांगून तो बसत असे, त्या वेळी ते निवत गेलं. मग पुन्हा तापलं.

साडू हातातलं काम टाकून बघत उभा होता.

"तुमची फेरी चालू आहे," तो म्हणाला.

चष्मेवाल्याने हात पँटला पुसला. त्याच्या मनात पहिल्यांदा आला तो खर्चच. जे उघडं पडूनही झिजतं, त्यात नवे पिस्टन घालून काय मिळणार? असला विचार आपण इतक्या शांतपणे करतोय, याचंच त्याला नवल वाटलं.

"उद्या सांगतो काय करायचं ते."

"काहीही ठरवा," साडू म्हणाला, "पण हे इथून न्या. मांजर फिरकेनासं झालंय."

सकाळी धुकं होतं. मुलीला बसमध्ये बसवून चष्मेवाला तसाच गॅरेजवर आला. भंगारात द्यायचं, हे त्याने वाटेतच ठरवलं होतं. तरी त्याने शेवटचा हात टेकवला.

ब्लॉक कोमट होता. मग गरम. मग चांगलाच गरम. चढ लागला असणार.

चढ संपला. आता पूल.

हाताखालचं लोखंड एकदम गार पडलं. निवलं नाही, गार पडलं.

"साडू," त्याने हाक मारली.

सिलिंडरच्या भिंतींना पाझर फुटला होता. गढूळ पाणी खाली उतरलं, बाकाच्या फळ्यांमधून ठिबकायला लागलं, मग त्याची धार झाली. धारेबरोबर वाळू पडत होती.

दोघंही मागे सरले.

पाणी थांबलं. मग चष्मेवाल्याने मुलीला फोन लावला. तो बराच वेळ वाजला.

"हॅलो? बाबा? कॉलेजवर पोचले मी. काय झालं?"

"काही नाही. सहज."

"मोठ्याने बोल ना, फार लांबून येतोय आवाज."

दोघं साडूच्या गाडीतून जुन्या पुलावर गेले. कठडे धड होते. रस्त्यावर चाकं घसरल्याची खूण नव्हती. खाली नदी संथ होती आणि काठावर एकजण जाळं सोडवत बसला होता. सकाळपासून इथे काही झालं का, असं साडूने त्याला विचारलं. तो म्हणाला, काय व्हायचंय?

परत आल्यावर साडूने भंगारवाल्याला बोलावलं. दोन माणसांनी ब्लॉक हातगाडीवर चढवला आणि नेला. साडूने पाणी टाकून बाकाखालची वाळू झाडून काढली. व्हॅनचं उरलेलं धूडही पुढच्या आठवड्यात न्यायचं ठरलं.

"ठरवलंत एकदाचं," संध्याकाळी बायको म्हणाली. तिने जास्त काही विचारलं नाही. जेवणं झाली. चष्मेवाल्याने बऱ्याच दिवसांनी दोनदा वाढून घेतलं. मुलगी समोर बसली होती, बसमधल्या गर्दीबद्दल तक्रार करत होती, आणि ती तक्रार त्याला ऐकत राहावीशी वाटत होती.

ताटं उचलल्यावर ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, जरा कान बघ ना माझा. सकाळपासून दडे बसल्यासारखं झालंय."

त्याने डोळे तपासायची बॅटरी घेतली. तिने मान कलती केली. कानातून आधी एक थेंब आला, मग बारीक धार तिच्या मानेवरून ओघळून कुडत्यात जिरली. त्याने बोटाने टिपलं. पाणी बर्फासारखं गार होतं आणि बोटाला शेवाळाचा हिरवा तंतू चिकटला होता.

"हां, सुटलं," ती हसून म्हणाली आणि तिने मान दुसरीकडे कलती केली. "आता हा बघ. यात जास्त आहे."