शेवटच्या पोरीचं नाव

धम्मानंद वसमतच्या स्टँडसमोर कुरुंद्याच्या जीपमध्ये बसला तेव्हा दुपार कलली होती. मांडीवर पेढ्यांचा पुडा, खांद्याला शबनम, आणि मनात थोडी गंमत. गेलं वर्षभर लोक त्याच्या कादंबरीला शिव्या देत होते, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी तिच्या वाचनाच्या सांगतेला खीर शिजवणार होतं.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. धम्मानंद वसमतच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचा. कादंबरीचं नाव होतं ‘गुणवंतांचा सत्कार’. नाव सोज्वळ, पण आत नुसतं रक्तमांस. एक गाव असतं, तिथं मेरिटचं वेड इतकं डोक्यात गेलेलं असतं की जे पोरगं टक्केवारीत मागं पडेल ते सत्काराच्या पंगतीत कापून वाढलं जातं. प्रमुख पाहुणे बोटं चाटत शिक्षणाचं महत्त्व सांगतात. प्रत्येक पोराचं मरण निराळं, आणि प्रत्येक मरण त्यानं चवीनं लिहिलेलं. शेवटी एक पोरगी उरते. तिला स्टेजवर बोलावतात, सुरी जवळ येते, आणि समोर बसलेला तिचा बाप टाळ्या वाजवतो. तिथं कादंबरी संपते.

पुण्याच्या एका बाईंनी कळवलं होतं की असलं पुस्तक घरात नको म्हणून रद्दीत दिलं, मात्र देण्याआधी पूर्ण वाचलं. एका मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये ते दोन बोटांत उंदराचं शेपूट धरावं तसं धरून दाखवलं. कॉलेजातली पोरं मात्र खूश होती. कुणाचं मरण सगळ्यात भारी, यावर कँटीनमध्ये पैजा लागायच्या. धम्मानंदला शिव्याही आवडायच्या आणि हसणंही आवडायचं. रडल्याचं मात्र अजून कुणी सांगितलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर, क्लासवाल्यांची आणि बापांची अशी सालटी काढणाऱ्या या गृहस्थानं स्वतःची पोरगी नांदेडला क्लासलाच घातली होती. ऐश्वर्या तिचं नाव, घरात चिमी. जूनमध्ये तिला एका घरमालकीणबाईंच्या वरच्या खोलीत ठेवून येताना त्यानं तिला चपला घेऊन दिल्या होत्या, निळ्या पट्ट्यांच्या, वर प्लॅस्टिकचं फूल असलेल्या. डाव्या चपलेचं फूल तिथंच, दुकानाच्या पायरीवर निखळलं. बदलून घेऊ म्हणाला, तर ती म्हणाली, राहू द्या बाबा, त्यापेक्षा मला परत घेऊन चला. तो हसला होता. मागच्या आठवड्यातही फोनवर ती तेच म्हणाली, आणि चाचणी परीक्षा होऊ दे, मग बघू, असं सांगून त्यानं फोन ठेवला होता.

जीप कुरुंद्याच्या शिवारात शिरली तसा दोन्ही अंगांना हळदीचा हिरवा पाला लागला. परतीचा पाऊस सकाळीच पडून गेला होता. ओल्या पाल्याचा उग्र वास थेट जीपमध्ये येत होता.

विहाराच्या वाचनालयाचं काम बघणारा रविंद्र फाट्यावर घ्यायला आला होता. भला पोरगा, पण आज जरा अवघडल्यासारखा. चालता चालता त्यानं सगळं सांगितलं. वर्षावासात, पावसाळ्याचे ते तीन महिने, रोज सांजच्याला विहारात ग्रंथवाचन व्हायचं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचं. यंदा ग्रंथ लवकर संपला. मग जाणती माणसं म्हणाली, आपल्या सरांनी वाचनालयाला पुस्तक भेट दिलंय ना, ते लावा. रविंद्रनं पुस्तक आधी चाळलंही नव्हतं. मेणबत्ती लावून, वंदना घेऊन त्यानं पहिलं पान उघडलं.

“मग? मारलं न्हाई तुला?” धम्मानंदनं हसत विचारलं.

“न्हाई सर. पहिलं पोरगं मेलं ना, तवा आमची म्हातारी सोजरामाय म्हणली, थांब. पुढलं पान उलटू नको. आधी ह्या लेकराचं पुण्यानुमोदन करू.”

धम्मानंद रस्त्यातच थांबला. माणूस गेला की त्याच्यासाठी पुण्यानुमोदन करतात. चार लोक जमतात, मेणबत्ती लावतात, त्रिसरण-पंचशील घेतात, गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. कादंबरीतल्या पोरांचं पुण्यानुमोदन त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

“सगळ्यांचं केलं?”

“जेवढी मेली तेवढ्यांचं. तुमी काय काय लिवलंय त्यांच्याबद्दल, ते आठवून आठवून लोकं बोलले. कोणाला पतंगाचा नाद व्हता, कोण झोपेत बडबडायचा... माझाच वाचताना गळा भरून यायचा, सर.”

धम्मानंदला आधी हसू आलं. यावर एक फक्कड लेख होईल असंही वाटलं. मग वाटलं, आपण ते पतंग आणि ती बडबड लिहिली होती ती फक्त मरण जास्त झोंबावं म्हणून.

विहाराच्या पायऱ्यांवर त्यानं चपला काढल्या. आत शिरेस्तोवर लाइट गेली होती. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्यांची रांग जळत होती आणि बॅटरीवर चालणारा माइक खुर्रखुर्र करत होता. बाया-माणसं दाटीनं बसलेली, पण मागची जागा कोणी घेतली नव्हती. भिंतीलगत चटया अंथरून मोकळ्याच सोडल्या होत्या. तिकडं हवा जास्त गार असावी, कारण तिकडच्या बायांनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतले होते.

जळबा म्हणून एक वयस्क गृहस्थ सूत्रं सांभाळत होते. त्यांनी पेढ्यांचा पुडा मूर्तीपुढे ठेवला, सरांना पुष्प दिलं आणि वाचकांचा अभिप्राय आता ऐकावा म्हणाले. कोणी उठून कादंबरीवर बोललं नाही. एक बाई म्हणाली, तो बडबडणारा पोरगा आता निवांत झोपतो. दुसरी म्हणाली, पतंगवाल्याला आमच्या पोराचा स्वेटर दिला, थंडी वाजत व्हती त्याला. सगळं अगदी साध्या आवाजात, शेजारच्या घरचं बोलावं तसं.

धम्मानंदनं त्या मोकळ्या चटयांकडं पाहिलं. त्यानं जळबांना हळूच विचारलं, “मागं चटया कोणासाठी?”

जळबांनी त्याच्याकडं पाहिलं. “सर, भूत-बीत आमी मानत न्हाई. आमी फक्त लेकरायला बसायला जागा दिली. सोजरामायचा नातू धाव्वीच्या निकालाच्या दिशी गेला. तवापासून तिला असली लेकरं दारात उभी ठेववत न्हाईत.”

सोजराबाई पुढंच बसली होती. बारीक, वाळलेली म्हातारी. ती सरकत धम्मानंदजवळ आली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “सर, बाकीच्यायचं झालं. एकीचंच राहिलं. शेवटच्या पोरीचं नावच तुमी लिवलं न्हाई.”

“ती... तिला नाव नाही, माय. मुद्दामच ठेवलं नाही.”

“काहून?”

धम्मानंदनं नाव घातलं नव्हतं, कारण घालायला हात धजला नव्हता. ती पोरगी लिहिताना डोळ्यांपुढं कोण होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हस्तलिखितात त्यानं लिहिलंही होतं की ती घाबरली की वेणीचं टोक तोंडात धरते. बायकोनं ते वाचलं आणि कागद त्याच्या अंगावर टाकला. म्हणाली, ही आपली चिमी आहे, हे काढा आधी. त्यानं ओळ खोडली आणि तो कागद चुलीत घातला. छापील पुस्तकात त्या पोरीला वेणीसुद्धा नव्हती.

“नाव न्हाई म्हणून ती आत येऊन न्हाई राहिली,” सोजराबाई म्हणाली. “रोज येते अन् दारात उभी राहते. बाकीचे बलावतात तिला. ती नुसती वेणीचं टोक तोंडात धरून उभी...”

धम्मानंदनं मान वळवली. दारात कोणी नव्हतं. बाहेर काळोख दाटत होता, पायऱ्यांवर चपलांचा ढीग होता, आणि हळदीचा वास आतपर्यंत येत होता.

काहीतरी बोलून सुटावं म्हणून तो म्हणाला, “सुमन. सुमन नाव तिचं.”

जळबांनी नवी मेणबत्ती लावली. सगळ्यांनी हात जोडले. सोजराबाई दाराकडं बघत राहिली, बराच वेळ. मग तिनं दोन बोटांनी ज्योत चिमटून विझवली.

“न्हाई म्हणून राहिली. मान हलवून राहिली.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच धम्मानंदला जास्त भीती वाटली. “सर, बापाला नाव ठाव असतं. सांगा... पाय दुखत असतील लेकराचे.”

धम्मानंद उठला. कोणाला काही न सांगता, चपला न घालता तो पायऱ्या उतरला आणि समोरच्या एसटीडीत शिरला. तळपायांना गार चिखल लागला होता. नांदेडचा नंबर फिरवताना त्याचं बोट दोनदा चुकलं.

घरमालकीणबाईंनी फोन उचलला आणि ऐश्वर्याला हाक मारली. जिन्यावरून उतरताना तिच्या चपलांचा आवाज आला. त्या आवाजानं त्याला एवढं बरं वाटलं की डोळे भरून आले.

“चिमे, बरी आहेस ना? मी येतोय तुला न्यायला. आत्ताच निघतो. क्लास नको, काही नको.”

“खरंच बाबा?” पोरगी एकदम खुलली. मग तिनं आवाज बारीक केला. “बाबा, इथं फाटकाशी एक म्हातारी आलीय. खूप प्रेमळ आहे. मघापासून विचारतेय, बाळा तुझं नाव काय, बाहेर काहून उभी? मी तर घरात आहे ना बाबा... सांगू का तिला?”

“नको. चिमे, नाव सांगू नको. ऐकतेस का...”

खर्र झालं आणि लाइन गेली. बूथवाला म्हणाला, पावसापाण्यानं असंच होऊन राहिलं साहेब, जरा दम धरा. धम्मानंद नंबर फिरवत राहिला. काचेतून समोरचं विहार मेणबत्त्यांच्या उजेडात स्वच्छ दिसत होतं. उघड्या दारातून सोजराबाईची पाठ दिसत होती. ती जागची हलली नव्हती.

आणि मग माइकवर रविंद्रचा आवाज आला. तो एकेका पोराचं नाव घेत होता. धम्मानंदनंच ठेवलेली नावं, कॉलेजच्या पोरांना हसू यावं म्हणून कधी ओबडधोबड ठेवलेली, पण रविंद्र ती फार मायेनं उच्चारत होता. प्रत्येक नावामागं लोक साधू साधू म्हणत होते. यादी सरली. माइक थोडा वेळ नुसता खुर्रखुर्रला. सोजराबाई रविंद्रच्या कानाशी वाकली.

“चिमी,” रविंद्र म्हणाला.

ते नाव फक्त घरातल्या तिघांना माहीत होतं.

विहारात आणखी एक मेणबत्ती लागली. ती विझली नाही. लोक साधू साधू म्हणाले, आणि त्यात लहान, कोवळे आवाजही होते.

तेवढ्यात लाइन लागली. पलीकडं घरमालकीणबाई होत्या. धम्मानंदनं काय विचारलं ते त्याचं त्यालाच धड ऐकू आलं नाही.

“अहो, आत्ताच बाहेर गेली की,” बाई म्हणाल्या. “आजी आलीय म्हणाली. दारात काढलेल्या चपला परत घातल्या आणि गेली. लांब नाही जायची हो, फाटकाशीच असेल... थांबा, बघते.” रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्यांच्या हाका ऐकू आल्या, आधी जवळून, मग लांबून.

धम्मानंदनं फोन लटकताच सोडला. तो रस्ता ओलांडून विहाराच्या पायऱ्यांशी आला आणि तिथंच त्याचे पाय थांबले. आत खिरीची पंगत बसली होती. वाट्यांचा आवाज येत होता. सोजराबाई कोणाला तरी सांगत होती की आता पोटभर खा, आता कोणी उठवणार न्हाई. मान वर करून मागच्या चटयांकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही. तो खाली बघत राहिला.

मघाशी घाईत टाकून गेलेल्या त्याच्या चपला कोणीतरी नीट जोडीनं लावून ठेवल्या होत्या. त्यांना खेटून दुसरी एक जोडी होती, निळ्या पट्ट्यांची. पायऱ्यांवर चिखलच चिखल होता, पण त्या कोरड्या होत्या. डाव्या चपलेवरचं फूल नव्हतं. त्यानं वाकून चपलेत हात घातला. तळवा अजून ऊन होता.