दोर नसलेली घंटा

कंदील बारीक कर रे निलेश. आणि मध्ये बोलायचं नाय. हे माझ्या दोस्तावर, दिनानाथवर गुदरलेलं हाय. शेवटचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

रामवाडीच्या पलीकडे, शेतात, मिशनचं जुनं चर्च होतं. एका गोऱ्या पाद्र्यानं बांधलेलं; त्याच्या एका हाताला सहा बोटं होती, असं म्हातारी माणसं सांगायची. मिशनची शाळा बंद पडली, माणसं मुंबईला गेली, आमच्या वेळी ख्रिस्ती घरं चारच उरली. महिन्यातून एकदा अलिबागेहून पाद्री यायचा. मनोऱ्यात घंटा होती, पण जिना वाळवीनं खाल्लेला आणि दोर कुजून पडलेला. दिनानाथ तिथला राखणदार. पोलिओनं एक पाय वाळलेला, कुबडीवर चालायचा.

साल चौऱ्याण्णव. बावीस सप्टेंबर, गुरुवार, पितृपक्ष. रात्री सव्वाआठला तो झाडलोटीला गेला. लाइट गेलेली. कंदील धरायला त्याची सात वर्षांची नम्रता. पोरीनं सतरंजीचं टोक उचललं...

मण्यार. पायाला डसली.

दिनानाथनं तिच्या मांडीला पंचा आवळला. तिला उचललं, कुबडी निसटली, दोघं पडली. परत उचललं. परत पडला. हमरस्ता अर्धा मैल. दारात जाऊन तो ओरडत राहिला, "कुणी हाय का रे? माझी पोर..."

आवाज बसला. कुणी आलं नाय.

पोरीच्या पापण्या मिटायला लागल्या. दिनानाथनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "देवा, मला ने. हिला नको."

"पप्पा..." नम्रता पुटपुटली. "हे आजोबा विचारतात... घंटा वाजवू का?"

"कोण गो आजोबा?"

तिनं त्याच्या खांद्यामागे बोट दाखवलं.

रिकामी बाकं. अंधार.

दिनानाथ त्या अंधाराला म्हणाला, "वाजवा."

...

मी रामवाडीला टेम्पोत माल भरत होतो. घंटा ऐकली. थांबेचना. आम्ही तिघं धावलो. दिनानाथ पोरीला कवटाळून बसलेला. मनोऱ्यात बॅटरी मारली. माणूस नाय. घंटा अजून झुलत होती.

पोरीला टेम्पोत घालून दवाखान्यात नेली. रात्रभर इंजेक्शनं चालली. एकदा श्वास थांबला होता, डॉक्टर म्हणाले. परत आला. पोर वाचली.

सकाळी सिस्टरनं तिची बाही वर सारली. मनगटावर निळे वळ. जाऊ न देता कुणीतरी घट्ट धरून ठेवलेलं. दिनानाथनं आपली बोटं त्यावर ठेवून पाहिली...

एक वळ उरला. अंगठा धरून सहा होते.