निळ्या रंगाची बारा मडकी

मनोऱ्यातलं पाणी पितं तरी कोण?

शाल्मलीला मरुप्रस्थात येऊन चार महिने झाले होते आणि या कोड्याने तिचं डोकं पोखरलं होतं. सकाळी काठोकाठ भरलेली बारा मोठी मडकी संध्याकाळी चार बोटं उतरलेली असायची. त्यांत कुणी पेलासुद्धा बुडवलेला नसायचा.

मरुप्रस्थ हे थरच्या वाळवंटातलं साठ लाख माणसांचं शहर. इथली शाळा पहाटे पाचला भरायची. अकरा वाजले की रस्ते ओस पडायचे. त्या वेळेला इथे 'चुप' म्हणत. चार वाजता चुप सुटली की दुकानं, शाळा, कचेऱ्या पुन्हा उघडायच्या. गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवलेल्या, ऊन जमिनीपर्यंत पोचू नये म्हणून. पाणी यायचं ते समुद्राचं, गोडं करून, शेकडो किलोमीटर लांबीच्या नळातून. त्यामुळे पाहुण्याने पेल्यात घोटभर पाणी उरवलं, तर यजमान ते गुपचूप झाडाला घालायचे आणि पाहुण्याकडे बघायचे. शाल्मलीकडे पहिल्याच आठवड्यात असं दोनदा बघून झालं होतं.

प्रत्येक गल्लीत एक वायुमनोरा (वरचा वारा पकडून खाली सोडणारा उंच बुरूज) होता. त्याच्या आत, वाऱ्याच्या वाटेवर, ती बारा मडकी मांडलेली. चुपच्या वेळी सगळी गल्ली मनोऱ्याच्या पायथ्याशी चटया टाकून झोपायची. मनोऱ्याची किल्ली, आणि तिच्यासोबत मडक्यांची देखभाल, मात्र गल्लीतल्या एका मुलाकडे किंवा मुलीकडे असायची. दर आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, ती नव्याने दिली जायची.

गेली दोन वर्षं ती सुगना नावाच्या मुलीच्या कमरेला होती.

नुसत्या किल्लीचं दुःख एक वेळ शाल्मलीने गिळलं असतं. पण हे मनोरे बांधणारे शास्त्रज्ञ डॉ. कुडाळकर म्हणजे शाल्मलीचे सख्खे आबा. त्यांच्याजवळ राहायला मिळणार म्हणून तर ती रत्नागिरी सोडून आनंदाने आली होती. आणि इथे ही भलतीच मुलगी "दादोसा, दादोसा" (आजोबा, आजोबा) करत आबांच्या ताटातला पापड मोडून खायची! वर आबा तिला 'माझा उजवा हात' म्हणायचे.

"मग मी कोण? डाव्या पायाची करंगळी?" शाल्मली मनात धुमसायची.

एके दिवशी तिने टिपूसला गाठलं. टिपूस म्हणजे गल्लीतलं पाणी मोजत फिरणारा चाकांवरचा छोटा यंत्रमानव.

"टिपूस, मडक्यांतलं पाणी जातं कुठे?"

"मडक्यांची बाहेरची बाजू कायम ओली असते. रोजची घट शंभर लिटर," टिपूस म्हणाला.

शाल्मलीचे डोळे चमकले. म्हणजे मडकी गळकी होती! घोटभर पाण्यासाठी डोळे वटारणाऱ्या शहरात सुगना रोज शंभर लिटर गळू देत होती आणि आबांना त्याचा पत्ताच नव्हता. आखातीज चार दिवसांवर आली होती. गळती थांबवून दाखवली, तर किल्ली कुणाला मिळेल?

सोमवारी चुप सुटल्यावर सुगनाने नेहमीप्रमाणे मडकी रिकामी केली, घासली आणि उन्हात वाळत ठेवली. रात्र झाली, गल्ली घोरू लागली. शाल्मलीने दारासाठी आणलेला निळा तैलरंग काढला आणि बाराच्या बारा मडक्यांना बाहेरून दोन हात दिले.

सकाळी पाणी भरायला आलेल्या सुगनाने ती चकाकती मडकी पाहिली आणि शाल्मलीला मिठीच मारली. "माझ्यासाठी? बाईसा, अशी मडकी अख्ख्या शहरात नाहीत!"

शाल्मलीला ती मिठी बोचली. "आवडली ना?" एवढंच ती म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी टिपूसने मोजमाप सांगितलं, "घट शून्य."

शाल्मली आबांना हाक मारणार, तोच मनोऱ्याखाली गलका उठला. चटयांवर कुणाचाच डोळा लागत नव्हता. एक तान्हं बाळ लालबुंद होऊन रडत होतं. मिठाईवाल्या बिशनकाकांना भोवळ आली होती.

"रोज बत्तीस अंश असतं. आज त्रेचाळीस," टिपूस म्हणाला.

"अगं सुगना, किल्ली काय मिरवायला दिलीय?" डोक्यावर ओला रुमाल धरून बिशनकाका ओरडले.

सुगनाने निळ्या मडक्यांकडे पाहिलं. मग शाल्मलीकडे. "चुकलं माझं, काका," ती म्हणाली.

हेच तर हवं होतं ना? मग शाल्मलीची पावलं सुगनाकडे का वळली?

"माझं नाव का नाही घेतलंस?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"भेटीला नावं ठेवत नाहीत आमच्यात."

"ती भेट नव्हती!" शाल्मली इतक्या मोठ्याने म्हणाली, की बाळही रडायचं थांबलं. गलका ऐकून आलेल्या आबांकडे ती वळली. "आबा, रंग मी दिला. हिची मडकी गळतात हे तुम्हाला दाखवायचं होतं. मग किल्ली मला मिळाली असती. आणि तुम्ही मला म्हणाला असतात, 'माझा उजवा हात'."

आबांनी बिशनकाकांचा ओला रुमाल तिच्या मनगटावर फिरवला. "आता फुंकर घाल."

"गार लागतंय."

"पाण्याचे रेणू (पाण्याचे अतिसूक्ष्म कण) सतत धावत असतात. काही हळू, काही सुसाट. सुसाट असतात ते निसटून हवेत जातात. याला म्हणतात बाष्पीभवन (पाण्याची वाफ होणं). जाताना ते उष्णता घेऊन जातात. मागे कोण उरलं?"

"हळू धावणारे. म्हणून उरलेलं गार..." शाल्मली थबकली. "मडकी गळत नव्हती! मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येत होतं आणि वारा गार करून उडून जात होतं. ती छिद्रंच मी बुजवली."

"ते शंभर लिटर आपल्या गल्लीची झोप होती, बाळ."

शाल्मलीने बाळाकडे पाहिलं. "आबा, पाणी आतून येत नसेल तर बाहेरून दिलं तर? गोणपाट ओलं करून गुंडाळलं तर?"

उत्तराची वाट न बघता सुगना धावत सुटली होती. दोघींनी मिळून बारा मडक्यांना ओली गोणपाटं गुंडाळली. अर्ध्या तासाने टिपूस म्हणाला, "चौतीस अंश." बिशनकाका घोरत होते.

"पण आबा, रत्नागिरीला आमचं मडकं इतकं गार का नाही होत?"

"तूच सांग. तिथे तू राहिलीस, मी नाही."

ती विचारात पडली. "तिथली हवा आधीच वाफेने भरलेली असते. निसटणाऱ्या रेणूंना जागाच कमी."

"हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते, त्यातली किती आत्ता आहे, ते सांगणारं माप म्हणजे सापेक्ष आर्द्रता," आबा म्हणाले. "इथे ती फार कमी, तिथे फार जास्त."

आखातीजेला किल्ली पुन्हा सुगनाच्याच कमरेला गेली. शाल्मलीच्या पोटात दुखलंच. तिच्या वाट्याला आला पॉलिश पेपर आणि बारा मडक्यांवरचा रंग. सुगना न सांगता शेजारी येऊन खरवडायला बसली.

"तुमच्याकडे कपडे वाळतच नाहीत म्हणे?"

"पावसाळ्यात चार-चार दिवस."

"आणि समुद्र?"

"शाळेच्या खिडकीतून दिसायचा."

सुगनाचा हात थांबला. "रोज?"

तो स्वर शाल्मलीने लगेच ओळखला. चार महिने तो तिच्याच पोटात मुक्कामाला होता.

"दिवाळीच्या सुट्टीत चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "दमट हवेत चालेल असा मनोरा आबांनाही अजून जमलेला नाही."

"दादोसांना? नाही जमला?" सुगनाचे डोळे लकाकले. "मग आपण बांधू!"

"बांधू," शाल्मली म्हणाली. "पण त्याची किल्ली माझ्याकडे."